मदत हवी आहे: दुसरं ग्राफिक्स कार्ड दिसतच नाही

घरआराखडा, विश्रामबाग
एनव्हिडियाचं ३०६० कार्ड होतं, त्याच्या जोडीला आज दुसरं ३०६० बसवलं. पंखे फिरतात, पण विंडोजला आणि ब्लेंडरला (माझं थ्रीडीचं सॉफ्टवेअर) एकच कार्ड दिसतंय. ड्रायव्हर नवा टाकून झाला. बंगल्याचा वॉकथ्रू (घर फिरवून दाखवणारा व्हिडिओ) उद्या दुपारी पार्टीला द्यायचाय. एका कार्डावर रात्रभरात निम्मंही निघणार नाही. लवकर सांगा.

मिरजकर
मदरबोर्ड कुठला? पॉवर सप्लाय किती वॅटचा?

जुनाजाणता
३०६० ला एनव्हीलिंक (दोन कार्डं एकमेकांना जोडायची सोय) नाही, म्हणून दिसत नाही. ३०९० घ्यायला हवं होतं.

तंत्रवेडा
काडीचाही संबंध नाही. रेंडरला, म्हणजे सीनमधून फ्रेम तयार करायला, एनव्हीलिंक लागत नाही, ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स दोन्ही कार्डांना काम वाटून देतं. उगाच घाबरवू नका त्यांना.

घरआराखडा
बोर्ड बी५५०, प्रोसेसर रायझन ५९००एक्स, सप्लाय ७५० वॅट.

मिरजकर
बी५५० हा चिपसेट (बोर्डावरची चिप) झाला, मॉडेल सांगा. आणि एसएसडी किती, कुठं लावल्यात?

कृष्णाकाठ
दोन्ही विका, एकच ४०९० घ्या. दोन कार्डांची मेमरी बारा आणि बारा जीबी मिळून चोवीस होत नाही. आख्खा सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत वेगळा मावावा लागतो. ४०९० ला सलग २४ जीबी मिळतात.

तंत्रवेडा
मेमरीचं बरोबर आहे, पण रात्री सांगलीत ४०९० कुठनं आणणार? ती एकटी ४५० वॅट घेते, ही दोन मिळून ३४०. सीन १२ जीबीत बसत असेल तर हीच जोडी चांगली.

कुपवाडकर
यूपीएस बघा राव. ६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॅट. रेंडर लागलं की शिट्टी मारून बंद पडतो.

घरआराखडा
यूपीएस मोठा आहे हो. एसएसडी दोन, दोन्ही बोर्डावरच्या एम.२ खाचांमध्ये. दुसरीत टेक्श्चर (भिंती-फरशीवर चढवायची चित्रं) आहेत.

मिरजकर
मग तिथंच घोळ दिसतोय. बी५५० वर प्रोसेसरच्या १६ लेन (डेटाच्या वाटा) वरच्या स्लॉटला आणि ४ पहिल्या एम.२ ला जातात. बाकीचं चिपसेटवरून वाटून येतं. काही बोर्डांत दुसरी एम.२ भरली की खालचा लांब स्लॉट बंद होतो. पंख्यांना वीज मिळते, म्हणून ते फिरतात. पुस्तिकेत स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात असतं हे. प्लग काढून दुसरी एसएसडी यूएसबी केसात घाला. ड्राइव्हचं अक्षर तेच ठेवा, नाहीतर ब्लेंडरला टेक्श्चर सापडणार नाहीत आणि सगळ्या भिंती गुलाबी येतील. तरीही कार्ड नाही दिसलं तर बायोसात (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ‘अबव्ह फोर जी डिकोडिंग’ चालू करा.

जुनाजाणता
खालचा स्लॉट एक्स४ चा, म्हणजे चारच लेनचा. वेग निम्मा होणार.

तंत्रवेडा
नाही होत. सीन चढायला वेळ जास्त लागतो, पुढचं काम कार्डातच होतं. ‘परसिस्टंट डेटा’वर टिक करा, म्हणजे दर फ्रेमला पहिल्यापासून चढवावा लागणार नाही.

नवशिकी
मिरजेत ब्लेंडरचा चांगला क्लास आहे का कुठं?

घरआराखडा
एसएसडी काढली आणि दिसलं! ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये ऑप्टिक्सखाली दोन्ही कार्डांवर टिक केलंय, रेंडर चालू आहे. मिरजकर, फार उपकार झाले. वरचं कार्ड ८३ अंशांवर गेलंय, चालेल?

मिरजकर
चालेल, पण खालच्याची गरम हवा ते ओढतंय. केसचं बाजूचं पान काढून टेबलफॅन लावा. आणि थेट व्हिडिओ काढत असाल तर आत्ताच थांबवा, पीएनजी फ्रेम (एकेक सुटं चित्र) काढा. मध्येच काही बंद पडलं तर जिथं थांबलं तिथून पुढं चालू करता येतं.