‘कोटा भरला’ की ‘कोटा ओलांडला’?

विचारणा : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क बघतो. ऑफिसातल्यांसाठी सूचनांचं मराठी पत्रक करतोय. सर्व्हरवर प्रत्येकाला ठरवून दिलेली जागा, म्हणजे कोटा, अडला की कुणी म्हणतं कोटा भरला, कुणी संपला, कुणी ओलांडला. यातलं काय लिहू? आणि इव्हेंट लॉगला, म्हणजे सर्व्हर स्वतः ठेवतो त्या घडामोडींच्या यादीला, काय म्हणावं?

उत्तर : रेशनचा कोटा संपतो, कारण माल उचलला जातो. प्रवेशाचा कोटा भरतो. डिस्कचं प्रवेशासारखं, म्हणून ‘भरला’. ‘ओलांडला’ जपून वापरा. विंडोजमध्ये मर्यादेपुढे जागा नाकारायची, या पर्यायावर खूण नसेल तर माणूस खुशाल पुढे जातो, फार तर नोंद होते. तिथे ‘ओलांडला’ बरोबर. खूण असेल तर ओलांडणार कसा? फाइल सेव्हच होत नाही.

विचारणारा : तेच होतंय. ड्राइव्ह निम्मा रिकामा आणि अकाउंट्सचा पोरगा म्हणतो, “सर, डिस्क फुल दाखवतंय की!”

उत्तर : त्याला दिसते ती त्याच्या वाट्याची मोकळी जागा, सगळ्या ड्राइव्हची नव्हे. पत्रकात ‘तुम्ही वापरलेली जागा’ असंही लिहू नका. एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या फाइली ठेवण्याच्या पद्धतीचा, हिशेब मालकीवर चालतो. त्याने तयार केलेली फाइल त्या ड्राइव्हवर कुठल्याही फोल्डरात असो, त्याच्याच नावावर. दुसरा कुणी ती दिवसभर उघडून बसला तरी उघडणाऱ्याच्या नावावर काही चढत नाही. प्रॉपर्टीजमधून फोल्डर कॉम्प्रेस करूनही सुटका नाही, मोजणी मूळ आकारानेच होते. ‘तुमच्या नावावरच्या फाइली’ असं लिहा.

आणखी एक : लॉगला ‘रोजकीर्द’ म्हणा की, आपल्या पेठेतला शब्द आहे.

उत्तर : शब्द झकास, पण रोजकीर्दीत व्यवहार घडला की लिहितात. कोट्याच्या नोंदी सिस्टिम लॉगमध्ये ठरावीक अंतराने पडतात, आणि ते अंतर मुळात ३६०० सेकंदांचं असतं. मर्यादेआधीच्या इशारा पातळीची नोंद ३६ क्रमांकाची, मर्यादेची ३७. म्हणजे साडेदहाला अडलेल्याची नोंद साडेअकरालाही दिसू शकते. साधं ‘घटनांची नोंद’ पुरे. तासाभरानेही काही दिसलं नाही तर नोंद करण्याच्या पर्यायावर खूण आहे का बघा, तो जागा नाकारण्याच्या पर्यायाहून वेगळा असतो.

विचारणारा : आणि लिनक्स सर्व्हरसाठी?

उत्तर : तिथे दोन्ही शब्द लागतील. सॉफ्ट मर्यादा ओलांडता येते, मग सवलतीची मुदत सुरू होते, बहुधा ७ दिवसांची. हार्ड मर्यादेपुढे जाताच येत नाही, तिला ‘भरला’.