कुर्डुवाडी-बार्शीच्या मधलं पडकं स्टेशन कुणाचं?

शेंद्रीचा जावई: मंडळी, सासुरवाडीच्या बांधाला लागून काळ्या दगडाची पडकी खोली आहे. पत्रे गेलेत, तिकिटाची खिडकी शाबूत. इतकी बुटकी की वाकून आत बघावं लागतं. सासरे म्हणतात, "बार्शी लाईटचं ठेसन." नवी लाईन चार शेतं सोडून जाते. एवढंसं स्टेशन बांधलं कुणी?

फिटरचा मुलगा: सासरे बरोबर सांगतायत. वडील कुर्डुवाडी वर्कशॉपात होते, आमच्याकडे जेवताना भाजीपेक्षा इंजिनाचाच विषय जास्त. मुंबई-सोलापूर मोठी लाईन बार्शीला बाजूला टाकून गेली, आणि बार्शी तर कापसाची पेठ. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी छोटी गाडी सुरू केली, तीच बार्शी लाईट रेल्वे कंपनी. रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, मोठ्या लाईनीच्या निम्म्याहून कमी. पण खरी हुशारी वजनात होती. इंजिन असो की वॅगन, एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, 5 टनांच्या वर भार नाही. म्हणून हलके रूळ पुरले, खर्च आवाक्यात राहिला. स्टेशनंही त्याच हिशेबातली. पुढे 1911 ला लातूर, 1927 ला मिरज.

पंढरपूरकर: आषाढीला मालाच्या वॅगनीतही वारकरी भरायचे. आमची आजी तशीच आलेली, लुगड्याला मिरचीचा वास घेऊन! चांगली चाललेली गाडी बंद का केली पण?

फिटरचा मुलगा: काका, माणूस उतरून दुसऱ्या गाडीत बसतो, पोत्याचं काय? कुर्डुवाडीत छोट्या वॅगनीतला माल हमालांनी उचलून मोठ्या वॅगनीत टाकायचा. हमाली डबल, वर फाटकी पोती. ट्रक थेट आडतीच्या दारात उभा. 1954 ला सरकारने कंपनी घेतली तरी ही कटकट होतीच. बार्शीवरून ब्रॉडगेज धावायला 2008 उजाडलं. लोक हळहळतात, मला विचाराल तर फार उशीर केला.

जावईबापू, गोठ्याच्या आढ्याला किंवा कुंपणाला जुना रूळ आहे का बघा. लिलावात घेतलेले असतात (सगळेच नाही, असो). रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं.

शेंद्रीचा जावई: आहे की, गव्हाणीवरच! शेण खरवडलं, 19 वाचता येतंय, पुढचं गंजलंय.

फिटरचा मुलगा: मग पहिल्या लाईनीचा नाही, नंतर बदललेला. खडू आडवा घासा आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, आकडे उठतील.