जडत्वाचे किती न्यूटन वजा करायचे?

अकरावीची विद्यार्थिनी, नाशिक
बाबांची भाजीची हातगाडी आहे. पहाटे माल भरला की मी मागून ढकलते. गाडी सुटताना अंगातला सगळा जोर लावावा लागतो, एकदा चाकं फिरली की बऱ्याच कमी जोरात चालते. म्हणून मला वाटायचं, जडत्व, म्हणजे वस्तूचा आहे त्या स्थितीत राहण्याचा गुण, सुरुवातीला आडवं येतं आणि मग संपतं. काल गणित आलं: वस्तुमान 200 किलो, ढकलणारं बल 150 न्यूटन, घर्षण 110 न्यूटन, त्वरण (वेग बदलण्याचा दर) काढा. मी 150 मधून 110 वजा केले, मग जडत्वाचे 200. उत्तर उणे 160. म्हणजे गाडी मागे यायला हवी! क्लासमध्ये विचारलं, तर "सूत्रात टाक" एवढंच सांगितलं. जडत्व वजा का करायचं नाही?

इंजिनिअरिंगचा दादा
न्यूटनमधून किलो वजा होत नाहीत, चूक तिथेच पकडता येते. गाडीला कोण कोण रेटतंय किंवा ओढतंय, एवढंच विचार. पृथ्वी खाली ओढते, सुमारे 1960 न्यूटन. रस्ता तितकाच वर रेटतो, ते मिटलं. आडवे उरले तुझे हात आणि घर्षण: 150 − 110 = 40 न्यूटन पुढच्या दिशेने. हेच निव्वळ बल. 40 भागिले 200, त्वरण 0.2 मीटर प्रति सेकंद वर्ग. जडत्वाचं माप म्हणजे वस्तुमान, ते या भागाकारात खाली बसलंय. तेच 40 न्यूटन 50 किलोच्या गाडीवर पडले असते तर त्वरण 0.8 आलं असतं.

निवृत्त शिक्षक
बाळ, हा गोंधळ जुना आहे. 1687 च्या ग्रंथात खुद्द न्यूटननेच जडत्वाला 'व्हिस इनर्शिए', म्हणजे जडत्वाचं बल, असं लॅटिन नाव दिलं होतं. आज आपण त्याला बल म्हणत नाही, कारण ते देणारं दुसरं कुणी नसतं. ते गाडीचंच आहे आणि चालत्या गाडीतही तेवढंच असतं. सुटताना जोर जास्त लागतो, कारण उभ्या गाडीचं घर्षण मोठं असतं, शिवाय वेग शून्यापासून वाढवायचा असतो. एकसारख्या वेगात चालली की तुझा जोर घर्षणाइतकाच पुरतो, निव्वळ बल शून्य. जडत्व चालत्या गाडीत पाहायचं असेल तर ती थांबवताना बघ.

विद्यार्थिनी
सर, आज बघितलं! चौकात रिक्षा आडवी आली. बाबांनी टाच रस्त्यात रोवली, दांडा छातीशी घट्ट धरला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. वेग 1 मीटर प्रति सेकंद धरला आणि गाडी अर्ध्या सेकंदात थांबली असं मानलं, तर त्वरण 1 भागिले 0.5, म्हणजे 2, आणि बल 200 गुणिले 2, म्हणजे 400 न्यूटन मागच्या दिशेने. त्यातले 110 घर्षणाचे, बाबांचे 290. बरोबर?

निवृत्त शिक्षक
अगदी बरोबर. आता हात सोडले तर एकटं घर्षण किती वेळात थांबवेल ते काढ.

विद्यार्थिनी
110 भागिले 200, 0.55. म्हणजे सुमारे 1.8 सेकंद. तोवर गाडी जवळजवळ एक मीटर पुढे गेली असती. रिक्षा तेवढीही लांब नव्हती.