‘द डिसायपल’ घरी पाहताना संथ वाटतो का?

प्रश्न (फोंडा): पावसाने घरात अडकवल्यामुळे नेटफ्लिक्सवर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ पाहिला. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट असूनही, शास्त्रीय गायन शिकणारा नायक रात्री मोटारसायकलवरून जाताना त्याच्या गुरूंच्या गुरू असलेल्या माईंच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती ऐकतो ते प्रसंग सुरू होताच आमच्याकडची निम्मी मंडळी पेंगू लागली. आपले मत काय?

उत्तर (डिचोली): माझ्या मते तेच प्रसंग चित्रपटाचा गाभा आहेत, कारण माई कधीच दिसत नाहीत, केवळ सुमित्रा भावे यांच्या आवाजातून भेटतात, आणि त्या आवाजातील कठोर आदर्शापुढे नायकाचे रोजचे जगणे किती तोकडे आहे हे रिकाम्या रस्त्यावरच उमगते. दूरदर्शन संचाच्या बारीक स्पीकरवर तंबोरा हरवतो; हेडफोन लावून पाहा.

उत्तर (मडगाव): मी सहमत नाही. नायक साकारणारे आदित्य मोडक हे स्वतः गायक असल्यामुळे गाणे खरे वाटते, हे मान्य. परंतु वाहिनीवरील गायनस्पर्धेतल्या मुलीचे उपकथानक फारच वरवरचे आहे. त्यापेक्षा ताम्हाणे यांचाच आधीचा चित्रपट ‘कोर्ट’ अधिक घट्ट विणलेला होता.

उत्तर (पेडणे): भजनी मंडळात गाणाऱ्या माझ्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत हलल्या नाहीत. शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेत नायकाला बक्षीस मिळत नाही तेव्हा, “सूर आहे, पण ओलावा नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि मला ते समीक्षणांपेक्षा नेमके वाटले.