टक्का वाढला तो कशाने?

काही जण म्हणतात की दहावीचा निकाल नव्वदीच्या पुढे गेला, म्हणजे शिकवणं सुधारलं. मला नाही पटत. २०१८ ला महाराष्ट्राचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला एकदम ७७.१० वर आला आणि २०२० ला ९५.३० झाला. दोन वर्षांत मुलं ढ होऊन परत हुशार झाली असं कोणी म्हणेल का? २०१९ ला राज्य बोर्डाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे २० अंतर्गत गुण काढून लेखी पेपर १०० चा केला होता. ओरड झाली, पुढच्या वर्षी ते गुण परत आले. (२०२० ला भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द होऊन सरासरीने गुण दिले, तोही हातभार.) पास व्हायला ३५ लागतात. शाळेने तोंडीच्या या २० पैकी सढळ हाताने अठरा दिले की ८० च्या लेखीत सतरा पुरतात.

२०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५! शिवाय हा टक्का परीक्षेला बसलेल्यांचा असतो. आठवी-नववीत शाळा सुटलेली मुलं त्यात मोजलीच जात नाहीत. अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीचे गुण बघा, तिथे खरं चित्र जास्त दिसतं.