मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये ग्रान की ग्रांदे?

गोंधळी_गणू: अ‍ॅप माझं वाक्य चूक म्हणतंय, कारण सांगत नाही. नियमाप्रमाणेच लिहिलंय. 'मोठा' म्हणायला ग्रान कधी, ग्रांदे कधी? लवकर सांगा, आजच गृहपाठ द्यायचाय.

मिरचीभजी: कुठलं वाक्य? विशेषण नामाच्या आधी की नंतर? एकवचन?

गोंधळी_गणू: 'माद्रिद एस उना ग्रांदे सिउदाद', म्हणजे माद्रिद मोठं शहर आहे. सिउदाद (शहर) स्त्रीलिंगी ना, म्हणून ग्रांदे.

कासवछाप: तुम्ही बुएनोचा नियम इथे लावलात. बुएनो (चांगला), मालो (वाईट), प्रिमेरो (पहिला), तेर्सेरो (तिसरा) यांचा शेवटचा 'ओ' पुल्लिंगी एकवचनी नामाआधीच गळतो. बुएन लिब्रो (चांगलं पुस्तक, पुल्लिंगी), पण बुएना इदेआ (चांगली कल्पना, स्त्रीलिंगी). ग्रांदे लिंग बघतच नाही. पुढे एकवचनी नाम आलं की ग्रान लिब्रो, ग्रान सिउदाद. माद्रिदचाच रस्ता घ्या, ग्रान बीआ. बीआ (रस्ता) स्त्रीलिंगी आहे. अनेकवचनात मात्र ग्रांदेस सिउदादेस. 'ग्रान्स' लिहू नका.

ज्ञानपिपासू: आधी मुई आणि मुचो (दोन्ही 'खूप') पक्कं करा. विशेषणाआधी मुई, नामाआधी मुचो.

मिरचीभजी: त्यांनी ते विचारलंय का? गणू, जागा बदलली की अर्थही बदलतो. आधी आलं तर थोर, नंतर आलं तर आकाराने मोठं.

कासवछाप: सरसकट नाही हो. ग्रान सिउदाद म्हणजे साधं महानगरही होतं. फरक ठळक दिसतो तो माणसांच्या बाबतीत. उन ग्रान ओम्ब्रे थोर, उन ओम्ब्रे ग्रांदे धिप्पाड. अर्जेंटिनात तर हेन्ते ग्रांदे म्हणजे वयस्क मंडळी.

मिरचीभजी: बरं, माणसांपुरतं माझं खरं.

मांडवीकाठ: पोर्तुगीजमध्ये ग्रांदे आखडत नाही, संत मात्र आखडतो. व्यंजनाआधी सां, स्वराआधी सांतु. म्हणून पणजीतल्या वस्तीचं नाव सां तोमे, पण गोव्यातल्या बेटाचं नाव सांतु इस्तेव्ह. स्पॅनिशात नेमकं उलट, सान एस्तेबान आणि सान्तो तोमास. तिथे तो- किंवा दो- ने सुरू होणाऱ्या नावांआधीच सान्तो अख्खा राहतो, जसं सान्तो दोमिंगो.

गोंधळी_गणू: संत राहू द्या. आता 'एल मास ग्रान पोएता' (सर्वात थोर कवी) लिहिलं, तेही लाल! पोएता पुल्लिंगी, एकवचनी, पुढेच आहे.

कासवछाप: आधी मास (अधिक) किंवा मेनोस (कमी) असेल तर ग्रांदे आखडत नाही. एल मास ग्रांदे पोएता. 'इ' (आणि) लावून दुसरं विशेषण जोडलं तरी तेच: उना ग्रांदे इ एर्मोसा कासा (मोठं आणि सुंदर घर).

ज्ञानपिपासू: मुई ग्रांदे चालेल, मुचो ग्रांदे नाही.