वॉर्डात ओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती) देताना मुलाच्या एचआयव्हीचं शेजारच्या खाटेला ऐकू जातं. आणि त्याच्या आजीला काय सांगू?

मी लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. २२ खाटा, इतक्या जवळजवळ की हात लांब केला तर शेजारच्या सलाइनच्या स्टँडला लागतो. पडदे धुवायला गेले ते गेलेच. (मुलाचे तपशील थोडे बदलून लिहितेय, समजून घ्या.)

गेल्या आठवड्यात सकाळची ओव्हर देत होते. आमच्याकडे ती खाटेजवळच देतात आणि ते बरंच आहे, सुईची जागा सुजलीय का ते दोघींना समोरच दिसतं. ९ वर्षांचा मुलगा, न्यूमोनिया. मी सवयीने बोलून गेले, "एआरटी चालू, ८ चा डोस आईने दिलाय." (एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं.) शेजारच्या बाळाचा मामा मेडिकलमध्ये कामाला. त्याने लगेच मान वर केली. दुपारी त्या बाळाची आई इनचार्ज सिस्टरांकडे खाट बदलून मागायला हजर. मुलाची आई मला एका शब्दाने बोलली नाही. तिने गोळ्यांची बाटली उचलली आणि पिशवीत कपड्यांच्या तळाशी सरकवली.

चूक माझीच. २०१७ चा एचआयव्ही कायदा मला माहीत आहे, संमतीशिवाय हे कुणाला सांगता येत नाही, नातेवाइकांनाही नाही. आता ओव्हरमध्ये फक्त औषधाच्या कागदावर बोट ठेवते.

पण अडलंय ते पुढेच. रात्री आई धाकटीसाठी घरी जाते आणि आजी थांबते. आजीला यातलं काही माहीत नाही, मुलालाही नाही. आजी विचारते, "सिस्टर, ही रोजची गोळी कसली ओ?" "आईला विचारा" म्हटलं की संशय वाढतो. ताकदीची म्हणावं तर खोटं बोलल्यासारखं होतं, आणि ताकदीचीच आहे म्हणून घरी गेल्यावर आजीने एखादा डोस चुकवला तर? या औषधात खाडे चालत नाहीत.

आईशी निवांत बोलायलाही जागा नाही. प्रोसिजर रूममध्ये कायम कुणाचं तरी बाळ रडत असतं. लिनन रूमची किल्ली मावशींकडे. फोन केला तर काकांनी उचलला, मी "परत करते" म्हणून ठेवला.

तुम्ही कुठे बोलता? आईलाच विचारून आजीला द्यायचं उत्तर आधी ठरवून ठेवता का? कृपया नुसतं "गोपनीयता पाळा" सांगू नका, नेमकं वाक्य सांगा. आज परत माझी नाइट आहे.